नवव्या फर्म्यातली बाई

मावशींना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. आमच्या छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात बाकीच्या बायका पोत्यावर मांडी ठोकून काम करायच्या, या एकट्या टेबलाशी उभ्या. सोळा पानं छापलेला भला मोठा ताव समोर ओढायचा, हाडाच्या पट्टीनं सर्र सर्र तीन घड्या घालायच्या, की झाला फर्मा. असे वीस-पंचवीस फर्मे एकावर एक लागले, शिवले, पुठ्ठा चढला की पुस्तक तयार. मावशींचा एक गठ्ठा मोडून, म्हणजे घड्या घालून, होईतो त्यांनी जागा बदललेली असायची. सकाळी खिडकीशी, दुपारी दाराशी, चारच्या चहाला थेट कटिंग मशिनच्या पलीकडे. टेबलाला चाकं लावून द्या म्हणून त्या मालकांच्या वर्षभर मागे लागल्या होत्या. मालक म्हणाले, मावशी, आधी तुम्हीच ब्रेक लावून घ्या.

गडमुडशिंगी या आपल्या गावाहून सिटी बसनं यायच्या, पण मंगळवार पेठेतल्या आमच्या स्टॉपवर उतरतील तर शपथ. आज एक स्टॉप आधी, उद्या दोन स्टॉप पुढं, आणि तिथून रोज वेगळ्या गल्लीनं चालत. रोज त्याच वाटेनं बैल जातंय, माणसानं कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. उंच, काटकुळ्या, पन्नाशीच्या. अंबाड्यात फुलाच्या जागी ती हाडाची पट्टी खोचलेली. घरी जातानाही तशीच. बसमध्ये कुणी टक लावून बघितलं तर पट्टी काढून त्याच्यासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, पावणं, ही हत्यार न्हाय, भाकरी हाय माझी.

मी तिथं लागले ते नव्वदच्या पुढच्या सालात. मराठी घेऊन एम.ए. झाले होते, पहिल्या वर्गात, आणि त्याचा मला असा काही ताठा होता की आज आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. घरी बघण्याचे कार्यक्रम चालू होते. दर पंधरा दिवसांनी पोह्यांचा ट्रे, मान खाली, स्वयंपाक येतो का, येतो. माझा जीव नुसता उडून जायचा. वडील शाळामास्तर, पोरीनं छापखान्यात जाऊन बसणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. महिनाभर भांडून, दोन दिवस न जेवता मी ती प्रुफं तपासायची नोकरी पदरात पाडून घेतली होती. जिन्याखाली एक टेबल, वर एक दिवा, बस्स. पण ते टेबल गेलं तर पुन्हा तो ट्रे आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढं मी जे केलं त्याला ही काही सबब नाही. पण होतं ते असं होतं.

मावशी मला 'एमे' म्हणायच्या. एमे, चा घे. एमे, सरक तिकडं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, पुस्तक वाचायची तुझी रीत काय? मी म्हटलं, रीत कसली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. त्यांना माझी कीव आली. त्या सोळा-सतरा वर्षं फर्मे मोडत होत्या आणि हातात येईल तो फर्मा वाचत होत्या. आज नववा, उद्या दुसरा, पुढच्या आठवड्यात पंधरावा. माणूस आधी म्हातारा भेटायचा, मग त्याचं लग्न व्हायचं, मग तो रांगायचा. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. उलट पहिल्या फर्म्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. सुरवात लेखक केस विंचरून लिवतोय, म्हणायच्या, मधल्या फर्म्यात त्येचं खरं तोंड दिसतंय.

शनिवारी डबा खायच्या सुट्टीत बाइंडिंग खात्यात वाचनाची बैठक भरायची. तिला नावबिव काही नव्हतं. छापताना सुरुवातीचे काही ताव खराब निघतात, शाई कमीजास्त होते. ते मावशी बाजूला काढायच्या, मोडायच्या आणि बायकांना एकेक वाटायच्या. तुला तिसरा, हिला सातवा, तिला अकरावा. घरी न्यायचा, चूल-मूल आवरून वाचायचा, आणि शनिवारी भाकरी खाता खाता सांगायचा. अख्खं पुस्तक कुणाच्याच हातात नसायचं. सहाजणींच्या डोक्यात मिळून एक कादंबरी. 'आवडलं' किंवा 'नाही आवडलं' म्हणायला बंदी होती. ह्यो काय पोरगी बघायचा कार्यक्रम न्हवं, असं मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या तेव्हा सगळ्या फिदीफिदी हसल्या आणि मी लालेलाल झाले. कोण आलं, काय केलं, कुठं गेलं, एवढंच सांगायचं.

आणि त्यातही मावशींचा खरा सवाल शेवटचा. कुठं गेलं? कादंबरीत एखादा कोळसेवाला येतो, दारात पोतं टाकतो, जातो. मावशी विचारणार, त्येचं पुढं काय झालं? नायिका रडत झोपली म्हटलं की विचारणार, मग त्या दिवशीची भांडी कुणी घासली? जी माणसं पुस्तकात येऊन बेपत्ता व्हायची त्यांची नावं त्या कटिंगच्या कागदी पट्ट्यांवर पेन्सिलीनं लिहून शिलाईच्या दोऱ्यात ओवायच्या आणि खिळ्याला टांगायच्या. 'पान तीस. कोळसेवाला. परत न्हाय.' मी आधी नाक मुरडलं. आमच्या विभागप्रमुखांनी कादंबरीच्या घटकांवर तीन तास शिकवलं होतं, त्यात कोळसेवाल्याचा उल्लेख नव्हता. पण तिसऱ्या शनिवारी मीही डबा घेऊन पोत्यावर जाऊन बसले. जिन्याखाली एकटीनं खाणं मला जमेना.

ती कादंबरी आमच्याकडे दुसऱ्या आवृत्तीसाठी आली. प्रकाशक पुण्याचे, मालकांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गोष्ट अशी. पुण्याची एक बँकेतली बाई सुट्टीत जुनी बारव बघायला जाते, पायऱ्यांवरून घसरून पाण्यात पडते, आणि वर येते ती दोनशे वर्षं मागं. मग वाडा, किल्ला, लढाया, आणि एक देखणा शिलेदार. त्याचं हिच्यावर, हिचं त्याच्यावर. शेवटी राहायचं की परत यायचं, हा पेच. बायका खुळ्या झाल्या नुसत्या. शिलाई मशिनवरची सुमन तर शिलेदाराचा फर्मा परत द्यायलाच तयार नव्हती, उशाखाली ठेवून झोपायची. मावशींना मात्र पहिल्या दिवसापासून वेगळीच चिंता. ही बँकेतली बाई रजा टाकून आलीया का न्हाय?

नववा फर्मा माझ्या वाट्याला आला होता. त्यातलं पान एकशे त्रेचाळीस. भर दुपारी नायिका बारवेतून वर येते. अंगावर जीन्स, केस मोकळे. गावातल्या कुणी पाहिलं तर भूत म्हणून दगडानं ठेचतील. तिथं गावाबाहेरच्या वस्तीतली एक बाई गोवऱ्या वेचत असते. ती हिला बघते. कोण, कुठली, काही विचारत नाही. निवडुंगाच्या आड जाते, अंगावरचं नेसतं लुगडं सोडून हिच्या हातात देते, आणि सांगते की पाटलाच्या वाड्याच्या अंगानं जाऊ नको, कुत्री आहेत. नायिका लुगडं गुंडाळते आणि गावात शिरते. पुढच्या पानावर शिलेदार. त्या बाईचं नाव नाही, पुन्हा उल्लेख नाही.

मी हे भराभर सांगून शिलेदारावर यायच्या गडबडीत होते. मावशींनी हात वर केला. थांब, म्हणाल्या, नेसतं लुगडं दिलं, मग ती घरला काय नेसून गेली?

सुमन म्हणाली, हिची जीन्स घालून गेली असंल की. त्यावर असा हशा उसळला की मशिनवरची माणसं डोकावून गेली. दोनशे वर्षांपूर्वीची बाई, डोक्यावर गोवऱ्यांची पाटी आणि खाली जीन्स. मावशीही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या की न्हाय, ती दिवस मावळंपतोर त्या निवडुंगामागंच बसून ऱ्हायली असणार. उपाशी. घरात पोरं असतील. त्यानंतर सगळ्यांनी डबे अर्धेच बंद केले. मावशी बौद्ध, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शनिवारी भाज्या इकडून तिकडं जायच्या, त्यात कुणाची कुठली हे बघायची पद्धत त्यांनीच मोडून काढली होती. पण त्या दुपारी पहिल्यांदा मला जाणवलं की एकाच गोष्टीत आम्ही सहाजणी वेगवेगळ्या दारांनी शिरतो. मी न विचारता थेट वाड्यात शिरले होते.

पुढं लेखक स्वतः छापखान्यात आले. रेशमी झब्बा, अत्तर. मालकांनी त्यांना बाइंडिंग खातं दाखवायला आणलं. मावशींनी हातातली पट्टी खाली ठेवली आणि सरळ तोच प्रश्न विचारला. लेखक हसले. चांगले होते ते, उगाच नावं ठेवणार नाही. ते म्हणाले, अहो, ते गौण पात्र, तेवढं लक्षात कोण घेतं? मावशी म्हणाल्या, मी घेतलं की. लेखकांनी मान डोलावली आणि चहा घ्यायला गेले. मावशींनी त्या बाईच्या नावाची कागदी पट्टी मात्र खिळ्याला टांगली नाही. ती बेपत्ता न्हाय, म्हणाल्या, ती कुठं हाय मला ठाव हाय.

दोन-तीन वर्षांनी त्या कादंबरीवर टीव्हीची मालिका आली. आमच्या शनिवारच्या बैठकीचा नूरच पालटला. भाकरी बाजूला आणि मालिका पुढ्यात. पुस्तकात वाडा दगडी होता, इथं पुठ्ठ्याचा दिसतोय. पुस्तकात ती हुशार होती, इथं नुसती डोळे मिचकावते. सुमन मालिकेच्या बाजूनं भांडायची. पुस्तकातला शिलेदार बोलायला चार पानं घेतो, टीव्हीवरचा नुसता बघतो आणि काम होतं, असं तिचं मत. मावशी कशावरच बोलत नव्हत्या. त्या फक्त बारवेच्या भागाची वाट बघत होत्या. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, शेजाऱ्यांकडे दारात उभं राहून बघायच्या.

तो भाग लागला. नायिका बारवेतून वर आली. अंगावर जीन्स नव्हतीच, छानपैकी सलवार कमीज. समोर देऊळ, घंटा, वारा, आणि टापांचा आवाज. शिलेदार घोड्यावरून आला, त्यानं आपला शेला तिच्या अंगावर टाकला आणि उचलून घेऊन गेला. गोवऱ्या नाहीत, निवडुंग नाही, बाई नाही. दुसऱ्या दिवशी मावशींनी अख्खा एक गठ्ठा उलटा मोडला. वीस वर्षांत पहिल्यांदा. दिवसभरात टेबलाच्या सात जागा बदलल्या. शनिवारी सुमन सांगायला लागली, मावशी, टीव्हीत लुगडं सोडताना कसं दाखवणार, लहान पोरं बघत्यात. मावशी एवढंच म्हणाल्या, "दोनशे वर्षं मागं जायला जमलं हिला. गावाबाहेर चार पावलं जायला जमलं न्हाय."

मालिका गाजली आणि तिसरी आवृत्ती निघाली. कव्हरवर टीव्हीतली जोडी. बाकी मजकूर जुनाच, फक्त नववा फर्मा नव्यानं करायचा होता. लेखकांचं पत्र आलं की मालिका बघून पुस्तक घेणाऱ्यांचा घोटाळा होऊ नये, म्हणून बारवेचा प्रसंग मालिकेप्रमाणे करावा. पान एकशे त्रेचाळीसवर तिरकी रेघ मारलेली, आणि सोबत नवा मजकूर. त्यात शिलेदाराच्या घोड्याचं वर्णन होतं. आयाळ, खूर, नाकपुड्या. मागची पुढची पानं हलू नयेत म्हणून मी ओळी मोजून मोजून तो घोडा त्या बाईच्या जागेत बरोब्बर बसवला. एक ओळ कमी नाही, एक जास्त नाही. मालकांनी शाबासकी दिली आणि मला ती गोड लागली.

दुसऱ्या दिवशी मावशी जिन्याखाली आल्या आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. चक्क बसल्या.

"एमे, हे तुझ्या हातात हाय," त्या म्हणाल्या. "जुनंच पान ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, पुस्तक लेखकाचं, मर्जी लेखकाची. आणि जुन्या आवृत्त्या आहेतच की वाचनालयात, त्यातून ती कुठं जातेय? त्या म्हणाल्या की जुनं कोण बघतंय, टीव्ही बघून येणारा हेच घेणार, आणि पुढच्या सगळ्या आवृत्त्या ह्याच्यावरनंच निघणार. मग थोडा वेळ त्या माझ्या टेबलावरची प्रुफं सरळ करत राहिल्या.

"आमच्या माणसांची पुस्तकं पुष्कळ निघाल्यात. मी मोडल्यात, वाचून रडलोय. त्यात आमचं माणूस सोसतंय. हितं ती देत्या. घोड्यावरच्या लोकांच्या पुस्तकात एक बाई आमची, आणि ती मागत न्हाय, देत्या. तिच्याबिगर ती पुण्याची जगलीच नसती. ते एक पान ऱ्हाऊ दे."

जे खरं होतं ते मी बोलले. म्हटलं, मावशी, माझी नोकरी जाईल. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. व्हय, जाईल, म्हणाल्या, आणि उठून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दिवसभर एकही प्रूफ धड वाचू शकले नाही.

आवृत्ती छापून झाली, शिवून झाली, पुठ्ठे चढले. उद्या माल पुण्याला जायचा, आणि मालकांनी माळ्यावरची रद्दी काढायला माणूस वर पाठवला. दुसऱ्या आवृत्तीचे उरलेले फर्मे तिथं गठ्ठे बांधून पडलेले होते. माणसानं वरून विचारलं, मालक, नवव्या फर्म्याच्या गठ्ठ्याची सुतळी कुणी सोडली? बाकीचे गठ्ठे जसेच्या तसे होते. मालक खुळे नव्हते. त्या पानावरून मावशींनी घातलेला घोळ साऱ्या छापखान्याला ठाऊक होता. जुना फर्मा नव्या पुस्तकात बरोब्बर बसतो, कारण मीच तो बसेल अशी व्यवस्था केली होती. किती पुस्तकांत गेला असेल? पुण्याच्या प्रकाशकाला कळलं तर छापखान्याचं अर्धं काम जाणार होतं, आणि त्यात आमचं सगळ्यांचंच पोट होतं.

सगळी मशिनं बंद झाली. लांब टेबलावर पुस्तकांच्या थप्प्या आल्या, आणि आम्ही सगळ्या तपासायला उभ्या राहिलो. प्रत्येक प्रत उघडायची, पान एकशे त्रेचाळीस, घोडा आहे का बघायचं, आणि मोठ्यानं सांगून बाजूला ठेवायची. मालक पाठीमागून येरझाऱ्या घालत होते. घोडा. घोडा. घोडा हाय. एकीचं झालं की दुसरी. एरवी आम्ही त्यावर आठवडाभर हसलो असतो. मावशीही आमच्यात होत्या, टेबलाच्या पलीकडल्या टोकाला, आणि तेवढ्याच सरळ आवाजात घोडा म्हणत होत्या.

पाच वाजायच्या सुमाराला माझ्या थप्पीत ती प्रत आली. उघडायच्या आधीच मला कळलं. जुना कागद पिवळा पडलेला असतो. पुस्तकाच्या कडेला, पांढऱ्यामध्ये, प्रुफं तपासणाऱ्या डोळ्यालाच दिसावी अशी बारीकशी पिवळसर रेघ होती. मी उघडलं. निवडुंग होतं, गोवऱ्या होत्या, लुगडं होतं. मी ओळ अन् ओळ वाचली. पान मिटून 'घोडा' म्हणायचं, की संपलं. माझ्या मागे मालक नव्हते, ते दुसऱ्या टोकाला होते. कुणीही बघत नव्हतं.

"सापडलं," मी म्हणाले.

ओरडले नाही. प्रुफात चूक दिसली की ज्या आवाजात मी बोलायची त्याच आवाजात म्हणाले. भीतीनं म्हणाले की सवयीनं, की माझी नजर किती तयार आहे हे दाखवायच्या हौसेनं, हे मी पुढं हजार वेळा स्वतःला विचारलं. तिन्ही असेल. सहा तोंडं माझ्याकडे वळली. सुमनच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरलेले नाही.

मालकांनी प्रत हातात घेतली आणि मधला फर्मा ओढून फाडून काढला. मग मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या, मी घातला. किती पुस्तकांत? यावर त्या हाडाची पट्टी पदरानं पुसायला लागल्या. मालक जवळ गेले, आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, वीस वर्षं झाली तुम्हाला हितं. नुसता आकडा सांगा. सगळे मिळून काढू, विषय संपला." मावशींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. आकडा सांगितला नाही. मालकांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी म्हणाले, मग उद्यापासून येऊ नका. बोलताना त्यांनी मावशींकडे बघितलं नाही, हेही सांगायला हवं. मावशींनी पट्टी अंबाड्यात खोचली, डब्याची पिशवी घेतली आणि पुढच्या दारानं निघून गेल्या.

दुसरा दिवसही आम्ही तपासत राहिलो. आणखी एकही प्रत सापडली नाही, आणि माल तसाच पुण्याला गेला. मालकांची खात्री झाली की बायका बघून न बघितल्यासारखं करतायत, मावशींना सांभाळून घेतायत. माझीही तीच खात्री. म्हणजे त्या चौथी-पाचवी शिकलेल्या बायकांनी एकेक करून मान खाली घालून 'घोडा' म्हटलं होतं, आणि माझ्या एकटीच्याच जिभेला हाड नव्हतं. सुमन माझ्याशी वर्षभर बोलली नाही. शनिवारची बैठक आपोआप मोडली. लाज इतकी वाटायची की मी मावशींच्या गावाला जाऊन माफी मागायचं दहादा ठरवलं आणि दहादा बसस्टॉपवरून परत आले.

एका गोष्टीचा आधार होता. ती बाई वाचली होती. माझ्या हातून एक गेली असेल, पण बाकीच्या प्रती सुटल्या होत्या, पुण्यामुंबईला गेल्या होत्या, कुणाच्या तरी कपाटात होत्या. त्या आधारावर मी बारा-तेरा वर्षं काढली. तिसरी आवृत्ती दिसली की माझा हात त्या पानाकडे जायचाच. वाचनालयात, रद्दीच्या दुकानात, पाहुण्यांच्या घरी. लग्न होऊन मी कसबा बावड्याला राहायला आले, तर सासरच्या एका बारशात यजमानांच्या शोकेसमध्ये ते पुस्तक दिसलं. मी पाळणा सोडून तिकडं. नणंद आजही त्यावरून टोमणे मारते. मिस्टर म्हणायचे, एवढं काय आहे त्या पानात? मी म्हणायची, काही नाही. आणि काही नसायचंच. प्रत्येक वेळी घोडा. आयाळ, खूर, नाकपुड्या, मी बसवलेल्या बरोब्बर तेवढ्याच ओळी. तरी मला शांत बसवत नव्हतं. पुढची प्रत असेल, असं वाटायचं.

मग एक दिवस बावड्यात साखर कारखान्याच्या रस्त्याला मला मावशी दिसल्या. उसाच्या गाड्यांच्या कडेकडेनं तरातरा चालल्या होत्या. केस पांढरे, चाल तीच. मी भाजीची पिशवी सावरत धावले. मावशी, म्हटलं, मी. त्यांनी लगेच ओळखलं. एमे, म्हणाल्या, चल की, उभी काय राहिलीस. पुतण्यानं इकडं नव्या वसाहतीत घर घेतलं होतं, त्याच्याकडे आल्या होत्या. मधल्या वर्षांत गावातच दुसरं काम धरलं, गुडघे जरा कुरकुरतात, बाकी झकास. पोरंबाळं किती, नवरा वाचतो का, सासू कशी, सगळं त्यांनीच विचारून घेतलं. मी धापा टाकत उत्तरं देत होते. माफीचं जे काही घोकून ठेवलं होतं ते एवढ्या वर्षांत पार विस्कटून गेलं होतं. कसंबसं म्हटलं, मावशी, त्या दिवशी मी बोलायला नको होतं. त्या म्हणाल्या, व्हय, नको हुतंस. आणि चालत राहिल्या.

मग मी ते विचारलं. म्हटलं, एक सांगा, किती पुस्तकांत घातला होता? मी आजवर शोधतेय.

"एकच," मावशी म्हणाल्या.

मला वाटलं गाड्यांच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. एकच घातला होता. पुष्कळ घातले असते तर मालकाचं नुकसान, बायकांच्या पोटावर पाय. कुठं तरी, कुणाच्या तरी घरी ती ऱ्हावी, तेवढ्यापुरता एक पुरे होता. गठ्ठ्याची सुतळी परत बांधायला विसरले ती माझी चूक, म्हणाल्या.

मी रस्त्यातच थांबले. सुमन खोटं बोलली नव्हती. कुणीच खोटं बोललं नव्हतं. म्हटलं, मावशी, मग मालकांना एकच आहे म्हणून का नाही सांगितलंत? ते विसरले असते. नोकरी राहिली असती तुमची.

तेव्हा मावशीही थांबल्या.

"सांगितलं असतं तर तितंच, समद्यांच्या म्होरं तुला कळलं असतं, की तू जे काढलंस ते एकच हुतं. पोर हुतीस तू. म्हटलं, वाटू दे हिला अजून पुष्कळ हाईत." मग जराशानं म्हणाल्या, "आणि मालकाला आकडा द्यायचा न्हवता मला. ती खोड माझी."

मी विचारलं, मग आज का सांगितलंत? त्या म्हणाल्या, आज तू इचारलंस की. एवढ्या वर्षांत एकदाबी आली न्हाईस इचारायला.

पुतण्याची गल्ली आली होती. घरला ये, सून चा करती, असं म्हणून त्या वळल्या. मी गेले नाही. त्यानंतर मी ते पुस्तक कुठंही उघडून बघितलं नाही. अख्ख्या आवृत्तीत ती बाई एकाच प्रतीत होती, आणि ती प्रत माझ्या हातात आली होती.